रफूगाराचे डोळे

ऑफिसात कुणाच्या डोक्यात लेझरने चष्मा घालवायचं आलं की लोक त्याला माझ्याकडे पाठवतात. माझ्या वडिलांचं ते ऑपरेशन झालंय एवढंच त्यांना ठाऊक. मग मी पढवल्यासारखी सांगत सुटते. नंबर वर्ष-दोन वर्षं हललेला नाही ना, बघा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर तपासणीआधी सांगतील तितके दिवस बंद ठेवा, एखाद्या समारंभासाठी चोरून घालू नका. डोळे कोरडे पडत असतील तर लपवू नका. चाळिशी उलटली असेल तर वाचायला चष्मा लागणारच, हे धरून चाला. समोरचा मान डोलावत असतो. शेवटी मी म्हणते, "आणि काय काम करता असं डॉक्टरांनी विचारलं तर खरं सांगा." ह्यावर सगळे हसतात. त्यात खोटं काय सांगायचं, असं त्यांना वाटतं.

बाबा रफू करायचे. मास्तरांच्या शिवणकामाच्या दुकानात, खिडकीलगतच्या बुटक्या स्टुलावर त्यांची तीस वर्षं गेली. सिगारेटने जळालेली पँट, खिळ्याला अडकून फाटलेला कोट, कसर लागलेली शाल, ज्या कापडापुढे बाकीच्यांनी हात टेकले ते बाबांकडे यायचं. शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडलेलं असतं, त्यातून ते त्याच कापडाचे धागे सोडवून घेत आणि एक उभा, एक आडवा असं करत भोक विणून काढत. गिऱ्हाईक कोट उलटासुलटा करून विचारायचं, "अहो, कुठे होतं ते?" बाबा म्हणायचे, "मलाही आता सापडत नाही." हा त्यांचा एकुलता एक विनोद, आणि तो त्यांनी तीस वर्षं पुरवून पुरवून वापरला.

चष्मा त्यांचा मायनस साडेसहाचा. भिंगं सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखी. गल्लीत त्यांना 'दुर्बीण' म्हणत आणि मला दुर्बिणीची मुलगी. गंमत म्हणजे कामाला बसले की ते आधी तो चष्मा काढून ठेवत. कापड अगदी नाकाशी धरत, वीतभरसुद्धा अंतर नसे. तेवढ्या अंतरावर त्यांना धाग्याचा पीळही दिसायचा. जवळचं भिंग त्यांच्या डोळ्यातच होतं म्हणा ना. हे मी लहानपणापासून रोज बघत आले होते, आणि तरीही मला दिसला तो फक्त चष्मा.

माझं लग्न ठरलं. मुलगा ऑफिसातलाच. त्याचे वडील प्राध्यापक, आई वकील, घरात भिंतभर पुस्तकं. पहिल्याच भेटीत त्यांनी सहज विचारलं, "वडील काय करतात?" मी म्हटलं, "कपड्यांचा व्यवसाय आहे." वेळ मारून नेली. घरी येताना मी स्वतःला समजावत होते की ह्यात खोटं काय, कपडे आहेत आणि व्यवसायही आहे. पण माझे कान तापले होते.

मग मी बाबांच्या मागे लागले. तुमचं ऑपरेशन मी माझ्या पगारातून करते, लग्नाआधी उरकून टाकू, किती बरं दिसाल तुम्ही.

"ह्या वयात कशाला गं?" बाबा म्हणाले. "बावन्न झाली."

आई म्हणाली, "ह्यांच्या डोळ्यांनी तुझं काय घोडं मारलंय?"

मी आईवर खेकसले. तिला काही कळत नाही म्हणाले. त्या दिवसांत मला सोडून कुणालाच काही कळत नव्हतं.

डोळ्यांच्या दवाखान्यात मला फॉर्म दिला. ऑफिसात मी नोकरीसाठी आलेल्यांचे अर्ज तपासते, खोटं लिहिलेलं मला लांबूनच वास यावा तसं कळतं. मी फॉर्म घेऊन कोपऱ्यात गेले आणि व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं, 'कपड्यांचं दुकान'. रफूगार लिहायला माझा हात धजेना. काउंटरवरची मुलगी माझ्याच वयाची होती, टापटीप. ती वाचेल, एवढंच माझ्या मनात होतं. ज्या मुलीला मी पुन्हा कधी भेटणारही नव्हते तिच्यासाठी मी हे केलं.

डॉक्टरीणबाई नीट होत्या, त्यांना बोल लावायला जागा नाही. त्यांनी सगळं मोजलं, दोनदा मोजलं. मग बाबांसमोर बसून सावकाश बोलल्या. "लांबचं स्वच्छ दिसेल. पण आता चष्मा काढून तुम्हाला जवळचं जे दिसतं ना, ते जाईल. वाचायला चष्मा लागेल. एकदा केलं की मागे फिरता येत नाही. तुम्ही जवळचं, बारीक काम करता का?"

बाबांनी तोंड उघडलं. त्यांच्याआधी मीच बोलले.

"नाही नाही. ते आता नुसतं दुकान बघतात."

बाईंनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे मान वळवली. चष्मा काढलेला होता आणि मी चार हातांवर होते, म्हणजे त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, नुसता धूसर आकार. मला त्याचं तेव्हा बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

"हो," बाबा म्हणाले, "दुकान बघतो."

ऑपरेशन झालं, आणि उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी बाबा गॅलरीत उभे राहून समोरच्या इमारतीच्या पाट्या मोठ्यांदा वाचत होते. आईला म्हणाले, "तुझे केस एवढे पांढरे कधी झाले? मला कुणी बोललं नाही." आम्ही पोट धरून हसलो. आठवडाभर मी जगात सगळ्यात शहाणी मुलगी होते.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर बाबा दुकानात गेले आणि दुपारीच परत आले. हातपाय धुऊन पडून राहिले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. बाबा स्टुलावर बसले होते, कापड सवयीने नाकाशी धरलेलं. मग त्यांनी ते थोडं लांब नेलं, आणखी लांब नेलं, पार हात ताणला. सुई हवेत कुठेतरी शोधत होती. मास्तर मशीनवरून उठून माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "ह्यांना काय केलंत तुम्ही?"

जवळचा चष्मा केला. मग त्याहून जाड केला. मग मी टेबलावर बसवायचं दिवा लावलेलं भिंग आणलं. जाड कापडाचं साधं काम जमू लागलं, पण बारीक विणीचं नाही. डोळे कोरडे पडायचे, तासाभरात सगळं धुरकट व्हायचं. बाबा म्हणाले, "धागा दिसतो गं. पण तो कुठल्या धाग्याखालून गेलाय ते दिसत नाही." पुढच्या तपासणीला मी एकटीच आत गेले आणि बाईंना खरं काय ते सांगितलं. "मी विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "रफू करतात हे कळलं असतं तर मी नको म्हटलं असतं. निदान एक डोळा तसाच ठेवला असता." आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं.

मग सासरची माणसं घरी आली. गप्पा रंगल्या, आणि आईने, आमच्या भोळ्या आईने, सांगून टाकलं, "ह्यांच्यासारखा रफू पंचक्रोशीत कुणी करत नसे." मी चहाच्या कपात डोकं घातलं.

"रफू?" होणारे सासरे खुर्चीत पुढे सरकले. "तुम्ही रफू करता? अहो, आणि ही म्हणाली कपड्यांचा व्यवसाय!" त्यांचा चेहरा उजळला होता. "माझ्या वडिलांचा कोट आहे. पाठीवर कसरीने भोक पाडलंय. चार ठिकाणी दाखवला, कुणी हात लावायला तयार नाही. तुम्ही बघाल?"

आता बाबा नाही म्हणतील, असं मला वाटलं. पण तीस वर्षांची सवय. "आणा की," बाबा म्हणाले.

कोट आला. बारीक विणीचं लोकरी कापड होतं, राखाडी. बाबा तीन आठवडे त्यावर बसले. रोज सकाळी डोळ्यांत थेंब घालायचे, भिंगाखाली तासभर विणायचे, थांबायचे, पुन्हा थेंब. दोनदा सगळं उसवून नव्याने केलं. मी "राहू द्या ना" म्हटलं की हाताने गप्प बस अशी खूण करायचे. एका रविवारी त्यांनी कोट घडी करून पिशवीत घातला आणि माझ्यापुढे धरला.

"तूच नेऊन दे."

"तुम्ही चला ना. ते तुमची वाट बघतायत."

"नको." ते खाली बघत होते. "असलं काम घेऊन कुणाच्या दारात कसं उभं राहायचं? मला लाज वाटते."

बाबांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. दुर्बीण म्हणून हाका मारल्या तेव्हा नाही, बुटक्या स्टुलावर बसून दुसऱ्यांच्या पँटी सांधल्या तेव्हा नाही. आपल्या कामाची त्यांना कधीच लाज वाटली नव्हती. ती मला वाटत होती, आणि मी ती नेऊन त्यांच्या गळ्यात बांधली होती.

सासऱ्यांनी कोट उजेडात धरला. जागा मला दारातूनच दिसत होती, नाण्याएवढी, जराशी चुणलेली. त्यांचं बोट तिथे थांबलं. "छान झालंय," ते म्हणाले. सभ्य माणूस.

"नाही झालेलं," मी म्हटलं. "आणि ह्यात बाबांचा दोष नाही. फॉर्म मी भरला होता."

"कुठला फॉर्म?"

मी सगळं सांगितलं. रकाना, काउंटरवरची मुलगी, डॉक्टरांचा प्रश्न, बाबांचं "दुकान बघतो". सांगताना एकदाही रडले नाही, तेवढा हक्क मला नव्हता. त्यांनी कोट घडी करून मांडीवर ठेवला आणि मला रागाने नाही, खरंच कळत नसल्यासारखं विचारलं,

"पण रफूमध्ये लपवण्यासारखं काय होतं?"

लग्नाला आता चार वर्षं झाली. त्यांना मी अजून उत्तर दिलेलं नाही.