कावळ्याऐवजी सीगल

आई पुण्याहून आमच्याकडे परदेशात, जॉन्सनव्हिलला आली, ती आता कायमची राहावी असा माझा बेत होता. तिला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

आधी तिला इथे रमवायचं ठरवलं, आणि नेलं कुठे, तर म्युझियममध्ये, इजिप्तच्या ममी बघायला. सत्तरी ओलांडलेल्या बाईला! बायको म्हणाली, "वा. पुढच्या रविवारी स्मशान दाखव."

एका पपायरसवरच्या, म्हणजे त्यांच्या प्राचीन कागदावरच्या, चित्रात मेलेल्या माणसाचं काळीज तराजूत ठेवलं होतं, दुसऱ्या पारड्यात पीस. मी गाइडच्या थाटात सुरू झालो. काळीज जड निघालं तर शेजारी बसलेला मगरतोंड्या ते गट्ट करतो. आणि गंमत म्हणजे परलोकाचे मंत्र लिहिलेले असे पपायरस तयारही मिळायचे, गिऱ्हाइकाच्या नावापुरती जागा मोकळी सोडून.

आईचं लक्ष पिसाकडे. "कावळ्याचं का रे?"

"शहामृगाचं."

"इथे कावळा कसा तो दिसत नाही. मी इथेच गेले तर दहाव्याला पिंडाला शिवणार कोण?"

मी इंजिनिअर. प्रश्न दिसला की उत्तर काढतोच. "सीगल," म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी घरामागच्या लाकडी डेकवर पातेल्यातल्या भाताचा गोळा ठेवून चाचणीही घेतली. सीगल आला, गोळा गिळला, माझ्या जँडलवर, म्हणजे इथल्या रबरी चपलेवर, शिटला आणि उडाला. मुलगी इथल्या पोरांच्या भाषेत 'झकास' म्हणाली, "स्वीट ॲज, बाबा!"

मी विजयी मुद्रेने आईकडे पाहिलं.

"याचा काय उपयोग? कावळा अडून बसतो. मग तुम्ही हात जोडून विचारता, काय इच्छा राहिली, पुरी करतो. तेव्हा कुठे तो शिवतो. हा मेला विचारायच्या आधीच गिळून मोकळा. अगदी तुझ्यासारखा!"

बायको हसली. मीही हसलो, जरा उशिरा. आईच्या कायमच्या मुक्कामाचा पपायरस मी तयारच ठेवला होता. फक्त तिचं नाव घालायचं बाकी होतं.

"बरं, तुझी काय इच्छा राहिलीय?"

"घरी जायचंय. सोसायटीतल्या बायकांशी रमीचा डाव अर्धा टाकून आलेय."

मगरतोंड्या शेजारी येऊन बसल्यासारखं वाटलं. "तिकीट काढू?"

"हात जोडून विचार."

मी जोडले. तेव्हा कुठे तिने पातेल्यात उरलेला भात पुढे ओढला आणि दोन घास खाल्ले.