मुलीला काही विचारायचं आहे का?

शिरूरच्या कॉलेजात मी ग्रंथपाल होते तेव्हाची गोष्ट. दोन हजार साल उलटून गेलं होतं, पोरांच्या हातात मोबाइल नुकते येत होते आणि वाचनालयाच्या कोपऱ्यात सहा कॉम्प्युटर आले होते. लाइट गेली की यूपीएस कोकलायचा आणि पोरं जिवाच्या आकांतानं आपलं काम सेव्ह करायची. ते काम म्हणजे बहुतेक वेळा एकमेकांना स्क्रॅप, म्हणजे दोन-चार ओळींचे निरोप, पाठवणं. त्या वेळी पोरांच्या तोंडी एकच साइट होती. तिथं ज्याचं त्याचं पान, ज्याची त्याची भिंत, आणि कुणी कुणाला काय लिहिलं ते सगळ्या जगाला दिसायचं. किती भोळे दिवस होते ते! मला अजून त्यांची आठवण येते.

सरांनी, म्हणजे आमच्या प्राचार्यांनी, ती साइट बंद करा म्हणून फर्मान काढलं. मी म्हटलं, बंद केली तर पोरं स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत जातील, तिथं तर पडदे लावलेत. त्यापेक्षा मला आठवड्याचा एक तास द्या, त्याच साइटवर मी त्यांना खरं-खोटं ओळखायला शिकवते. माझा आवाज तेव्हाही जरा मोठाच होता. सर म्हणाले, ‘घ्या बाई, पण काही भानगड झाली तर तुम्ही जबाबदार.’

पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. ‘हा मजकूर बारा जणांना पाठवला नाही तर तुमचं खातं बंद होईल’ असा एक निरोप फिरत होता. वर्गातल्या झाडून सगळ्यांनी तो मलाच पाठवला. मॅडमचं खातं बंद व्हायला नको, ही त्यातली माया. मी फळ्यावर स्रोत, विश्वासार्हता, पडताळणी असे शब्द लिहिले आणि पोरं माझ्याकडं बघत बसली. शेवटी वैतागून म्हटलं, ‘अरे, बहिणीला स्थळ आलं तर नुसता बायोडेटा वाचून अक्षता टाकता का?’

वर्ग हसला आणि मग जो सुटला तो थांबेना. राहू गावचा एक मुलगा म्हणाला, ‘न्हाई मॅडम, आमचे आप्पा आधी त्या गावच्या दूध डेअरीवर जाऊन बसत्यात. सोयऱ्याला इचारत न्हाईत, त्यो चांगलंच सांगणार. भावकीला इचारत न्हाईत, ती वाईटच सांगणार.’ मी खडू खाली ठेवला. पुस्तकात हेच चार पानं भरून लिहिलं होतं आणि मला ते नीट सांगता येत नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या तासाचं नावच पडलं, स्थळाची चौकशी. साइटवर काहीही दिसलं की पोरं विचारायची, कोण म्हणतंय, त्याचं यात काय जातंय, आणि डेअरीवर कोण भेटलं?

मग प्रत्येकानं कानावर आलेलं एक विधान आणायचं आणि त्याची चौकशी करायची, असं मी ठरवून दिलं. कुणी उसाच्या रसानं कावीळ बरी होते हे आणलं, कुणी नटाच्या मरणाची अफवा. केंदूरची एक मुलगी होती, दुसऱ्या बाकावर बसणारी, बोलायची कमी. तिनं आणलं, ‘एक मुलगा कंपनीत कायम आहे.’

पोरं हसली. तिचा चेहरा बघून मी हसले नाही. तास संपल्यावर ती थांबली. यवतकडचं स्थळ होतं, तिच्या सख्ख्या मामानं आणलेलं. मामानं आणलेल्या स्थळाची चौकशी करायची म्हणजे मामावर संशय घेणं, म्हणून घरात कुणी डेअरीवर गेलं नव्हतं. लग्न परीक्षेआधी उरकायचं होतं, म्हणजे कॉलेज तिथंच संपलं. बायोडेटात मुलगा कायम होता. साइटवर त्याच्या पानावर मात्र एका मित्रानं लिहिलं होतं, ‘नव्या कॉन्ट्रॅक्टरकडं कवा जातूस?’

‘मित्राची चेष्टाही असेल,’ मी म्हटलं. ‘एवढ्यावर निकाल द्यायचा नाही.’

‘मग कुणाला विचारू, मॅडम?’

‘ज्याची गोष्ट, त्यालाच.’ मी हे सवयीनं बोलून गेले.

पाहण्याचा कार्यक्रम रविवारी झाला. पोहे झाले, नाव-गाव-शिक्षण विचारून झालं, आणि पाहुण्यांतल्या वयस्करांनी रीतीप्रमाणं म्हटलं, ‘मुलीला काही विचारायचं असेल तर विचारू द्या.’ हे सगळीकडंच म्हणतात. म्हणायचं म्हणून म्हणतात. मुलगी मान हलवते आणि बायका तिला आत नेतात. नव्वद सालानंतर कधीतरी मलाही असंच विचारलं होतं आणि मीही मान हलवली होती. लग्नानंतर नोकरी करू द्याल का, एवढंच मला विचारायचं होतं. नशिबानं उत्तर ‘हो’ निघालं, पण ते कळेपर्यंत माझा जीव टांगणीला होता.

तिनं मान हलवली नाही. ‘तुम्ही कंपनीत कायम आहात का?’ असं सरळ त्या मुलालाच विचारलं.

पुढचं तिनं मला सोमवारी सांगितलं. मामा खाकरले. मुलानं कपबशी खाली ठेवली. ‘न्हाई,’ तो म्हणाला. ‘कॉन्ट्रॅक्टवर होतो. दिवाळीपासनं घरीच हाय. त्यो बायोडेटा म्या लिहिला न्हाई.’ पाहुणे उठले. त्यांच्यामागं मामाही निघून गेले, बहिणीशी न बोलता.

मंगळवारपासून ती कॉलेजात यायची बंद झाली. एक आठवडा गेला, दुसरा लागला. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पोरीचं कॉलेज वाचवायला गेले आणि मीच ते तोडलं, असं वाटायचं. सरांना काही सांगायची हिंमत झाली नाही.

मग एके दुपारी तिचे वडील वाचनालयाच्या दारात. डोक्यावर टोपी, चपला बाहेर काढलेल्या. ‘त्या मॅडम तुम्हीच का?’

मी खुर्ची पुढं केली. ‘दाखला काढायला आलात का?’

‘दाखला कशाला? कांदा निघालाय, मजूर मिळंनात, म्हणून ठिवून घेतली पोरीला. सोमवारपासनं यील.’

माझ्या जिवात जीव आला. मी शिपायाला चहा सांगितला. ते मात्र जायचं नाव घेईनात. चहा बशीत ओतला, तो तसाच धरून बसले.

‘मॅडम, म्या हिच्या आईला बघाय गेलतो, तवा आमच्या आबांनी बी म्हणलं हुतं, पोरीला काय इचारायचं आसंल तर इचारू द्या. तिनं मान हलवली. आता पोरीचं पावणं गेल्यावर म्या हिच्या आईला इचारलं, तवा तुला काय इचारायचं हुतं गं?’

‘मग?’

‘सांगंना. म्हणली, आता त्याचा काय उपेग. आन् चुलीम्होरं जाऊन बसली.’ त्यांनी बशी खाली ठेवली. ‘काय इचारायचं आसंल वो तिला? तुम्ही बाईमाणूस, शिकलेल्या. तुम्हाला ठावं आसंल.’

माझ्यापाशी एक उत्तर होतं, पण ते माझं होतं, तिच्या आईचं नव्हतं.

‘ज्याची गोष्ट, त्यालाच विचारा,’ मी म्हटलं. ‘सांगत नाही तोवर विचारा.’


त्यांनी मान डोलावली, उरलेला चहा घेतला आणि पाचची केंदूरची गाडी सापडते का बघायला घाईनं निघाले.