शेंदराखालचा नंबर

आमच्या धानोऱ्यात शर्यतीची मोटार एकच होती आणि ती बहुतेक वेळा बैलजोडीच्या मागून यायची, दोराने बांधलेली. मालक आमचे मोटारकाका, वडिलांचे चुलतभाऊ. कापूस पिकवणारा माणूस, पण गॉगल लावून बसला की विलायतेहून नुकताच उतरल्यासारखा दिसायचा. खालचं धोतर दाराआड झाकलं जायचं, एवढंच.

संस्थानं गेली तशा राजेलोकांच्या गाड्या विकायला निघाल्या. त्यातली ही हिरवी, बिनछपराची, दोनच माणसं मावतील अशी मोटार काकांनी आणली. "अश्या मोजक्याच बनेल शेतस, खास शर्यतसाठे," जगात अशा गाड्या मोजक्याच बनल्यात, हे त्यांनी गावात प्रत्येकाला ऐकवलं. माणूस सापडला नाही तर म्हशीला. पुरावा म्हणून ते शर्यतीत बॉनेट उडू नये म्हणून त्यावर बांधलेला चामड्याचा पट्टा दाखवत. काकू म्हणायच्या, "असा पट्टा ते आपला बैलले बी शे!"

विकणाऱ्याने इंजिनाजवळची एक पट्टी दाखवून काकांना बजावलं होतं, की गाडीचं सगळं मोल या कोरलेल्या नंबरात आहे; जाणकार हाच बघून खरी की खोटी ते सांगेल. आता एवढी मोलाची वस्तू हाती आल्यावर शहाणा माणूस काय करील? नंबर वाचून ठेवील? छे! काकांनी नारळ फोडला आणि त्या पट्टीला तेलात कालवलेला शेंदूर फासला. पुढे दर दसऱ्याला आणखी एक थर. काही वर्षांत तिथे नंबर उरला नाही, चांगला म्हसोबा तयार झाला.

मग गावात कुजबुज सुरू झाली, की साध्या गाडीला पट्टा बांधून काकांना कुणीतरी टोपी घातली. काकांना हे फार लागलं. पारावर बसणं सुटलं, जेवणावरचं लक्ष उडालं. शेवटी त्यांनी सुरतेहून मोटारींचे जाणकार असलेले एक पारशी साहेब बोलावले. अख्खं गाव जमलं. साहेबांनी गाडीभोवती फेरी मारली आणि ते म्हणाले, "पट्टा तो कोई बी बांधे. नंबर बताओ." काकांनी अभिमानाने बॉनेट उचललं. साहेबांनी आधी चष्मा पुसला, मग खुरपं मागितलं.

काकांचं तोंड उतरलं. "देवना आंगवर खुरपं चालाडू? खोटी ते खोटी, पन हाई मन्हाकडथून व्हवाव नही!"

झालं! काकांनी खुरपं लावूच दिलं नाही; साहेब परत गेले आणि गाव पोट धरून हसलं. न बघताच निकाल लागला होता. त्या दसऱ्यालाही काकांनी शेंदूर लावला, जरा जास्तच जाड.

काका गेले, आणि वर्ष उलटायच्या आत तेच साहेब पुन्हा दारात. अस्सल निघाली तर मीच घेतो, म्हणाले. काकूंनी त्या गाडीला जन्मभर सवत म्हटलेलं. त्यांनी लगेच खुरपं आणलं. बॉनेट उघडलं आणि तिथेच थबकल्या. वरच्या थरावर काकांच्या बोटांचे ठसे स्पष्ट उमटले होते.

काकूंनी खुरपं बाजूला टाकलं, बॉनेट हळूच खाली केलं आणि पट्टा आवळून बांधला.

"ह्या त्यासना बोटं शेतस, साहेब," त्या म्हणाल्या. "यापेक्षा आनखी काय खरं देखनं शे तुम्हले?"