नाटक उगवू देणारा दिग्दर्शक

आमचा दिग्दर्शक तिसऱ्या रेसिडेन्सीवरून परतला, तेव्हा त्याने 'तालीम' हा शब्दच टाकून दिला होता. नवं नाटक रचण्यासाठी दिग्दर्शकांना महिनाभर राहायला-जेवायला देणाऱ्या संस्थांनी त्याला पार बदलून टाकलं होतं. "नाटक बसवायचं नसतं, उगवू द्यायचं असतं," असं तो डोळे मिटून, शब्दाशब्दाला थांबत सांगायचा. शाहूपुरीतल्या हॉलमध्ये आम्ही दीड महिना फरशीवर आडवे पडून एकमेकांचे श्वास ऐकले.

अशाच एका संस्थेचे पाहुणे आमचं काम बघायला आले, तेव्हाही आम्ही तेच केलं. ते भारावले, टाळ्या वाजवून निघून गेले.

मागच्या रांगेत आमच्या नायिकेची आई बसून राहिली होती. लेकीचं काम बघायला त्या शिरोळहून एसटीने आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "सर, नाटक कवा सुरू हुतंय?"

तो गोरामोरा झाला. मग झब्ब्याच्या बाह्या सारून त्याने नायिकेला पुढे बोलावलं आणि आमच्या जुन्या नाटकातलं नवरा-बायकोचं भांडण दोघांनी असं रंगवलं, की मावशींच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं.

"मग ह्येच का दावलं न्हाईसा त्यास्नी?" त्या म्हणाल्या.

"मावशी," तो घाम पुसत म्हणाला, "ह्याच्यावर पुढची रेसिडेन्सी मिळत न्हाय की!"