ऐकू न आलेला खो

टीव्हीवर आमची टीम जेवढी दिसली, त्यातला निम्मा वेळ आमच्यातली एक जण नुसती बसलेली दिसते. ज्यांनी पाहिलं ते हसले. मला त्यावर अजून हसू आलेलं नाही, आणि हसणाऱ्यांशी मला दोन शब्द धड बोलता येत नाहीत. घरात मला लवंगी मिरची म्हणतात ते काही उगाच नाही.

आम्ही चौघी नाशिक रोडच्या एका खो-खो क्लबातल्या. दोघी बहिणी इंदिरानगरच्या, मी इथलीच, आणि चौथी नांदगावची. नांदगावला तिच्या वडिलांची पिठाची गिरणी. खेळ आहे तोवर शहरात राहा, असं त्यांनी तिला सांगितलेलं. ती आमच्याच घरी, माझ्या खोलीत राहायची. सकाळी माझ्याआधी उठून आईला चहा करून द्यायची. त्यामुळे ती आईची लाडकी झाली आणि मी आळशी ठरले.

खरी खेळाडू तीच. खो-खोत लोक पळणाऱ्याकडे बघतात, बसणाऱ्याकडे कुणी बघत नाही. पण खेळ बसण्यावर चालतो. चौकोनात दबा धरून बसायचं. मागून पाठीला हात लागला आणि 'खो' ऐकू आला की मगच सुटायचं. नुसत्या हातावर उठलात तर फाऊल. पुटपुटलेला खोही फाऊलच. "खो ही काय कानात सांगायची गोष्ट आहे का? मोठ्यानं द्या!" असं सर रोज ओरडायचे. आम्ही सगळ्या कधी ना कधी घाईत आधीच उठलो आणि शिव्या खाल्ल्या. ती कधीच उठली नाही. तिची टाच तेवढी उचललेली असायची, शब्दाची वाट बघत.

मग त्या हिंदी कार्यक्रमाचं खूळ आमच्या डोक्यात शिरलं. शहराशहरांतल्या टीम, दोरीच्या जाळ्या, चिखल, उंच भिंती, आणि शेवटी बक्षीस. सर म्हणाले, "तो खेळ नाही, तमाशा आहे." आम्ही मनातल्या मनात त्यांना म्हातारा म्हणून मोकळ्या झालो. सर बरोबर होते, याचा मला आजही राग येतो. बरोबर असणाऱ्या माणसानं जरा जोरात अडवावं की नाही?

मुंबईबाहेरच्या एका मोठ्या शेडमध्ये शूटिंग झालं. पहिल्या दोन फेऱ्या आम्ही सहज मारल्या. शेवटची फेरी रिलेची होती. पुढच्या खेळाडूनं पाठ करून बसायचं, आधीच्या खेळाडूनं येऊन पाठीवर थाप मारायची, की तिनं उठून पुढे पळायचं. हेडफोन लावलेल्या एका मुलीनं दोनदा समजावलं, "टॅप और गो, बस." आम्ही एकमेकींकडे बघून हसलो. हा तर आपलाच खेळ! दोघी बहिणींतल्या थोरलीनं सुरुवात करायची, धाकटीनं चिखल पार करून थाप मारायची, नांदगावच्या मुलीनं भिंत चढायची आणि शेवटची घंटा मी वाजवायची, असं ठरलं.

शिट्टी झाली, तसे ढोल आणि गाणं एकदमच सुरू झालं. शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही ऐकू येईना. धाकटी चिखलातून बाहेर आली आणि तिनं पाठीवर थाप मारली. नांदगावची बसून राहिली. नजर समोर, टाच उचललेली. धाकटीनं पुन्हा थाप मारली. मी भिंतीपलीकडून घसा फाटेपर्यंत ओरडत होते. तिसऱ्या थापेला तिनं मागे वळून बघितलं. तोवर दुसऱ्या टीमची घंटा वाजली होती.

परतीच्या बसमध्ये धाकटी रडत होती. "मी खो दिला होता गं, शप्पथ," म्हणत होती. नांदगावची तिच्या केसांतला चिखल काढत म्हणाली, "दिला असंल. लय आवाज होता. मला ऐकूच नाय आला." एवढंच. कुणाला दोष नाही, काही नाही.

कार्यक्रम लागला तेव्हा आम्ही सरांच्या घरी बघत होतो. तिचं बसणं त्यांनी परत परत दाखवलं, आणि वर घोरण्याचा आवाज टाकला. परीक्षक हसून हसून खुर्चीतून पडायचे बाकी होते. सरांनी टीव्ही बंद केला. ती पण हसली, आमच्याकडे बघत, आम्ही हसतोय का ते तपासत.

पुढे तो तुकडा मोबाइलवर फिरला. ती रस्त्यानं निघाली की पोरं गाडीवरून ओरडायची, "खो!" भाजीवाला, बसमधली माणसं, कुणीही. ज्या एका शब्दासाठी ती जन्मभर कान लावून बसली, तो आता तिच्या अंगावर दगडासारखा यायला लागला. मैदानातही खरा खो मिळाला की ती दचकायची. मग तिचे वडील आले. रागावले नाहीत. चहा घेतला, आईला हात जोडले आणि म्हणाले, "पोरीला लोक हसत्यात. मला नाय बघवत." तिची बॅग त्यांनीच उचलली. तिच्या खेळाला असा खो बसला.

राज्याच्या संघाची निवड जवळ आली तेव्हा सरांनी मला नांदगावला पाठवलं. "ती आली तर संघात आहेच. नाही आली तर पुढच्या वर्षी तिचं वय बसत नाही." गाडीत मी बरीच भाषणं पाठ केली.

गिरणी चालू होती. डबे घेऊन माणसांची रांग लागलेली. ती तोंडाला रुमाल बांधून, रांगेकडे पाठ करून, पीठ पडतं तिथे बसली होती. भुवया पांढऱ्या झालेल्या. तेवढ्यात रांगेतला एक जण म्हणाला, "माझा डबा घे गं आता, का खो देऊ?" सगळे खिदळले. तिनं मान वर केली नाही.

माझी भाषणं तिथेच संपली. मी मागून गेले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. ती वळली नाही, पण माझा हात तिनं ओळखला, कारण तिची टाच जमिनीवरून उचलली गेली. ती थांबली. मला फक्त एक शब्द द्यायचा होता. पण मागे ती सगळी रांग कान टवकारून उभी होती, आणि माझ्यासारख्या मिरचीचीही जीभ उचलेना. मी तिच्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "खो."

"फाऊल," ती म्हणाली. "मोठ्यानं द्यायचा असतो." मग तिनं टाच खाली टेकली आणि पुढचा डबा ओढून घेतला.