चाव्या जनूदादांच्या खिशात

रस्त्यात दोन गाड्या एकमेकींना लागल्या की माणसं आधी शिव्या देतात आणि मग मोबाइल काढतात. आमच्या शिरगावच्या नाक्यावर तिसरीच रीत होती. पिठाच्या गिरणीतून जनूदादा बाहेर यायचे, भुवया-मिशा पांढऱ्याफटक, आणि दोन्ही गाड्यांच्या चाव्या काढून स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकायचे. मग समोरच्या टपरीवर तीन चहा सांगायचे. चहा संपेपर्यंत चावी कुणालाच मिळायची नाही, आणि तोवर भांडणही बहुधा संपलेलं असायचं.

माझी त्यांची ओळख अशीच झाली. विठ्ठलवाडीची चाळ सोडून मी इथल्या नव्या इमारतीत राहायला आले आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या स्कुटीने एका रिक्षाचा मागचा दिवा फोडला. रिक्षावाला हातवारे करत होता, मी कायद्याची कलमं ऐकवत होते. उल्हासनगरला एका वकिलांकडे मी कामाला आहे, अपघाताच्या भरपाईचे दावे हेच आमचं पोटपाणी, त्यामुळे माझं तोंड काही गप्प बसत नाही. एवढ्यात पिठाने माखलेला एक हात मधे आला आणि माझी चावी गेली.

"कलमां मंग सांग गो बाय. आदी चहा पी. साखर किती?"

दिवा मी बसवून दिला. तोच रिक्षावाला पुढे कित्येक वर्षं माझ्या मुलीला शाळेत सोडत होता. तेव्हा जनूदादांची रीत अगदीच टाकाऊ होती असं मी म्हणणार नाही. म्हणता आलं असतं तर माझा राग सोपा झाला असता.

दादा पिढ्यानपिढ्या इथलेच, आगरी. आमची इमारत उभी आहे त्या जागेवर त्यांच्या घरचं भात पिकायचं. जमीन गेली, गिरण राहिली, आणि गिरणीबरोबर नाक्याचं हे न नेमलेलं न्यायाधीशपद. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "कागद झाला का वैर झाला." पोलिसांत गेलं की दोघांचाही दिवस जातो, गाड्या अडकून पडतात, आणि "उद्या हलदीला येकमेकांचे समोर बसाचा हाय, तवा तोंड कंचा दाखवाचा?" मी म्हणायची, "दादा, दिवा फुटला तर ठीक आहे. पण हाड मोडलं तर?" त्यावरही उत्तर तयार असायचं.

"हाड जुलता बाय. मानूस तुटला का नाय जुलत."

हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मोडलेल्या हाडांच्याच फायली दिवसभर मी हाताळत होते. "आपसात मिटवलं" म्हणून मोकळे झालेले आणि दोन महिन्यांनी लंगडत आमच्या ऑफिसचा जिना चढणारे किती पाहिले! आमचे वकीलसाहेब सिंधी. ते अशा माणसाला खुर्ची देतात, पाणी देतात आणि हळूच म्हणतात, "बेटा, पेपर नहीं तो केस नहीं." त्या माणसाच्या चेहऱ्याकडे मग बघवत नाही.

एके दिवशी दादा मोटारसायकलवरून बारवी धरणाकडच्या सासुरवाडीला निघाले होते, नवीन तांदूळ आणायला. वळणावर एक टेम्पो उलट्या बाजूने आला आणि त्यांना उडवून थांबला. मी भांडून भांडून घ्यायला लावलेलं हेल्मेट त्या दिवशी नशिबाने डोक्यावर होतं. त्यामुळे डोकं वाचलं. डोक्यात जे होतं तेही दुर्दैवाने जसंच्या तसं वाचलं.

कारण पुढचं ऐका. उजवा पाय गुडघ्याखाली वाकडा झालेला, माणूस रस्त्यावर आडवा, आणि हा माणूस काय मागतो? टेम्पोची चावी! ड्रायव्हर पोराने ती लगेच काढून दिली. दादांनी ती खिशात टाकली आणि पडल्या पडल्या चौकशी सुरू केली. नाव काय, गाव कुठलं, बाप कोण. पोरगा निघाला नेमका बेबीवहिनींच्या, म्हणजे दादांच्या बायकोच्या माहेरगावचा. झालं! दादांनी स्वतःच्या हाताने चावी परत केली. "दवाखान्याचा मी सगला बगतंय," असा त्याने शब्द दिला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं कसं लागलं, तर दादा म्हणाले, "घसरलू. रेती होती." डॉक्टरांनी तसंच लिहिलं.

मी पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. मी कपाळावर हात मारला.

पोरगा एकदा शहाळी घेऊन आला, एकदा नुसताच आला, आणि मग त्याचा फोन लागेनासा झाला. ऑपरेशन करून पायात स्टीलची पट्टी टाकली होती, तिथली जखम चिघळली. दुसऱ्या ऑपरेशनचं निघालं. मी दादांच्या उशाशी बसून पहिलीतल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं: टेम्पोचा विमा आहे, भरपाई विमा कंपनी देते, पोराच्या खिशातून छदामही जाणार नाही, तक्रार तेवढी द्या, उशीर करू नका. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"पन नाव तं त्याचाच येल ना कागदावर? का इमा कंपनी येल पोलिसान हात जोरून उबी राव्हाला?"

गुन्ह्यात नाव पोराचंच येणार होतं, हे खरंच होतं. दादांच्या हट्टातही असा एक खडा सापडायचा, जो दाताखाली यायचाच.

बेबीवहिनींना मात्र तो खडा लागला नाही. त्या कडाडल्या, "माजे म्हायेरचा म्हनून सोरला? आवो, माजे म्हायेरचा हाय म्हनूनच धरा त्याला! गिरन कोन उगरील आता?" कारण गिरण उभं राहून चालवायची असते. जात्याच्या घरघरीपुढे काठी टेकून माणूस किती वेळ उभा राहणार? आधी ती दिवसाआड सुरू राहिली. मग शटर अर्धं खाली आलं.

शेवटी वहिनींनी आणि मी त्यांना रिक्षात घालून पोलीस स्टेशनला नेलंच. हवालदार वाईट नव्हता. त्याने दवाखान्याचा कागद वाचला, दादांकडे पाहिलं आणि विचारलं, "इथे तर घसरून पडलो असं लिहिलंय. खोटं तेव्हा बोललात की आता?"

"तवा," दादा म्हणाले.

"मग जबाबात तसं सांगा. डॉक्टरांना खोटं सांगितलं होतं, असं लिहून सही करा. मग पुढचं बघू."

इतकंच करायचं होतं. एक वाक्य आणि एक सही! मी पेन हातात दिलं. दादांनी ते टेबलावर ठेवलं, काठी उचलली आणि बाहेर निघाले. पायरीवर मी त्यांना गाठलं तेव्हा त्यांचा चेहरा कधी पाहिला नव्हता असा झाला होता.

"इतकी वर्सां नाक्यावर माजा शबुद चालला, बाय. आता मीच लिवून देव, का जनू खोटा?"

"दादा, पाय जाईल!"

"जाव दे."

मी त्यांच्यावर ओरडले. रिक्षात बसल्यावरही ओरडत होते. रिक्षावाला आरशातून बघत होता, वहिनी रडत होत्या, आणि हा माणूस रस्त्यावरची दुकानं बघत बसला होता. इतका राग मला माझ्या सख्ख्या माणसांचाही कधी आला नाही. तो अजून पुरता उतरलेला नाही. पाय कापावा लागला नाही, पण वाकडा तो वाकडाच राहिला. गिरणीचं शटर पूर्ण खाली आलं. दादा त्याच्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसू लागले.

आता दादांना जाऊन वर्ष होत आलं. नाक्यावरून जाताना आठवतो तो त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यातला एक दिवस. एका गाडीवाल्याने न बघता दार उघडलं आणि पार्सल पोचवणारा एक तरुण बाइकसकट त्यावर आदळला. हेल्मेट कोपरात अडकवलेलं. घोटा बघता बघता सुजला. मी भाजी घेत होते, तशीच धावले. रिवाजाप्रमाणे कुणीतरी दोन्ही चाव्या आणून दादांच्या हातात दिल्या, त्यांनी त्या खिशात टाकल्या आणि टपरीवाल्याने न सांगता चहा चढवला.

"चहा मंग," दादा म्हणाले. "आदी फोटू कारा. बाय, पोलिसांना फोन लाव."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी घाईघाईने मोबाइल काढला. पण गाडीवाला हसला, अगदी प्रेमाने. "काय जनूदादा! तुम्हीच ना सांगता, कागद झाला का वैर झाला?" भोवतालचे सगळे हसले. मघाचा तरुण एका पायावर उभा राहत म्हणाला, "छोडो ना दादा, पोलीस-बिलीस नको. माझी ड्युटी जाईल. हाड जुळतं ना, तुम्हीच बोलता!"

गाडीवाल्याने त्याच्या हातात काही नोटा कोंबल्या. मग वाकून दादांच्या खिशात हात घातला आणि दोन्ही चाव्या काढून घेतल्या, बाइकची तरुणाला दिली. त्या खिशात दुसऱ्याचा हात गेलेला मी कधी पाहिला नव्हता.

"डाक्टरला घसरलू म्हनू नको रं!" दादा मागून ओरडले. तरुणाने "हो हो" म्हणून मान हलवली आणि सुजलेला पाय लोंबकळत ठेवून तो निघून गेला. गर्दी पांगली. टपरीवाल्याने तीन चहा आणून ठेवले, प्यायला आम्ही दोघंच होतो.

"ऐकलं नाही हो दादा तुमचं," मी म्हणाले.

दादा रिकामा खिसा चाचपत होते.

"आयकला ना, बाय. इतकी वर्सां सांगत होतू, ताच आयकला."