देविदास भाऊजींनी रेसगाडीला हळू चालायला शिकवलं

माझे धाकटे दीर देविदास भाऊजी जुन्या रेसच्या गाड्या आणून रस्त्यावर चालण्याजोग्या करतात. आमच्या डोंगरकडा गावात कुणाला विहिरीचा नाद, कुणाला बैलांचा, यांना हा. हैदराबादच्या भंगारातून आणलेली लाल गाडी त्यांची तिसरी. लांब नाक, टप नाही, सीट एकच. भाऊजींनी शेजारी दुसरी सीट बसवली, दिवे लावले, हॉर्न लावला. तरी एक खोड जाईना. हळू चालवली की तापायची अन् बंद पडायची. एकदा भर बाजारात अडली, तेव्हा शेजारचा सोनाजी म्हणाला, "देविदास, वैरण टाक रे हिला, उपाशी हाय!"

अन् भाऊजींच्याच लेकीनं, प्रतीक्षानं, हट्ट धरला की नवरदेवाचा परण्या बाबाच्या गाडीतूनच निघंल. परण्याला, म्हणजे लग्नाआधी, नवरदेव मारुतीच्या पाया पडायला जातो तो घोड्यावर, बँडच्या मागं, मुंगीच्या पावलानं. व्याही संतरामजी हो म्हणाले, पण तोंड वाकडं करून. "मारुतीम्होरं बंद पडली तर लोक अपशकुन म्हनतील. मंग पोरीला जन्मभर ऐकावं लागंल."

मी म्हटलं, "भाऊजी, घोडा सांगून ठेवा."

"वहिनी, पळताना हिला वारं लागतं, म्हणून तापत न्हाई. मी हिला थांबायला शिकवून राहिलो."

अन् खरंच शिकवलं. आत ट्रॅक्टरचा पंखा बसवला, हळू फिरताना बंद पडू नये म्हणून इंजिनाचं चाक जड करून घेतलं. मग रोज सोनाजीच्या बैलगाडीमागं शेतापर्यंत. बैल थांबले की हे थांबणार. सोनाजी हसून हसून बेजार.

लग्नाच्या दिवशी जावई हरीश शेजारी बसले, स्टेअरिंगवर भाऊजी. मी आधीच मारुतीला रुईचा हार घालून आले होते. म्हटलं, "देवा, तू उड्डाणाचा धनी. आज मात्र हळू चाल." पाराजवळ पोरांना नाच चढला. बँडवाले थांबेनात, गाडी जागच्या जागी उभी. ऊन मी म्हणत होतं. संतरामजींची नजर गाडीच्या नाकावरून हलेना, अन् माझ्या तोंडात रामनाम. इंजिन आपलं घुरघुरतंय, पोट भरलेल्या मांजरीवानी! शेवटी नाचणारेच दमून खाली बसले.

दर्शन घेऊन गाडी मांडवाच्या दारात आली. हरीशराव उतरेपर्यंत भाऊजींनी इंजिन बंद केलं नाही. संतरामजी घाम पुसत म्हणाले, "पाव्हणे, एवढ्या गोंगाटात घोडा कवाच बिथरला असता."

तेवढ्यात विहीणबाई शकुबाई शालू सावरत रिकाम्या सीटवर जाऊन बसल्या. "मला बी मारुतीला न्या. पर हळू!"

"अवं, मुहूर्त!" संतरामजी ओरडले.

"पोरगं माझंच हाय. माझ्याबिगर लागतंय व्हय लगीन?"

बँडवाल्यांना पुन्हा उठवलं. मी ताट घेऊन उभीच होते. जावयांना ओवाळलं, मग भाऊजींनाही ओवाळलं. लग्नाला उशीर झाला. भटजी तेवढे चिडले, बाकी कुणीच नाही.